पासपोर्टावर चढवलेली बस

॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

नांदे, ता. मुळशी
१४ जुलै १९६५

जयाच्या वडिलांस,

सौ. रत्नाचा नमस्कार. इकडील सर्व ठीक.

तुमच्या कंपनीच्या दिल्लीच्या कारकुनाने एक छापील कागद पाठवला आहे. बस दिल्लीहून लंडनला कशी जाते, परत कशी येते, कोणत्या तारखेस कोणत्या गावी असते आणि तिथल्या पोस्टात तुमच्या नावाचे पत्र कसे राखून ठेवतात, ते त्यात आहे. म्हणजे पत्र तुमच्या पुढे जाते आणि तिथे बसून तुमची वाट बघते. हे पत्र इस्तंबूलला पाठवते आहे. परतीच्या वाटेवर २० ऑगस्टच्या सुमारास तुम्ही तिथे पोचाल असे कागद म्हणतो. निघताना आपण धड बोललो नाही, तेव्हा तुमच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते या कागदावरूनच.

अकरा वर्षे पुणे-पौड एस.टी. चालवली, ती सोडून तुम्ही ही विलायतेची बस धरलीत. आशियाच्या हमरस्त्याचे ते वर्तमानपत्रातले कात्रण अजून भिंतीवर आहे. सिंगापुरापासून इस्तंबूलपर्यंत एकच रस्ता होणार म्हणे. आपल्या ओढ्यावर फरशीचा पूल होणार असे त्यात कुठे नाही, मी पुन्हा वाचून पाहिले. तुम्ही निघालात तेव्हा मी म्हटले, गेलात तर परत या घरात पाय ठेवू नका. म्हटले ते म्हटले. एकादशी होती, त्या दिवशी असे बोलायला नको होते.

कामाचे लिहिते. जयाचे जमले. मुलगा नेऱ्याचा, वाल्मीक नाव, फौजेत गाडी चालवतो. वडील नाहीत, आई रंभाबाई शेत बघते. माणसे साधी आहेत. बघायला आले तेव्हा रंभाबाईंनी विचारले, "मुलीचा बाप कुटं असतो?" मी म्हटले, "रस्त्यावर." सगळे हसले. मग जयाने शाळेचा ॲटलास काढला. दिल्ली, अमृतसर, लाहोर, क्वेट्टा, झाहेदान, तेहरान, इस्तंबूल, अशी तिने तुमच्या वाटेवर पेन्सिलीने रेघ ओढलेली आहे. वीतभर भरते. थोरले भावजी चष्मा चढवून बघत राहिले आणि म्हणाले, "येवढ्याशा रेगंला दीड म्हैना लागतोय व्हय? मंग जयसिंग बस चालवतोय का बैलगाडी?"

तुळशीचे लग्न झाले की आपले करायचे असे ठरले. जयाची एकच अट आहे. पाटावर आबांनी बसायचे, माझा हात आबांनीच द्यायचा. सातवीनंतर थोरल्या भावजींनी तिचे दप्तर माळ्यावर टाकले होते आणि तुम्ही एस.टी.चा खाकी सदरा न उतरवता माळ्यावर चढून ते खाली आणलेत. ती ते विसरलेली नाही. भावजी जाऊबाईंकडे बघून म्हणाले, "न्हाई आला त्यो तर मी आन् तुळजा बसू की. चुलता काय परका?" ती उठून आत गेली.

तेव्हा वेळेवर यावे. कळावे.

जयाची आई


नांदे
१२ सप्टेंबर १९६५

जयाच्या वडिलांस,

सौ. रत्नाचा नमस्कार.

हे झाहेदानच्या पोस्टात पाठवते आहे. जाईल की नाही ठाऊक नाही. पौडचे पोस्टमास्तर म्हणाले, "टाका बाई, विमान फिरून जाईल."

ग्रामपंचायतीत रेडिओ लावतात तिथे सगळे गाव उभे असते. लाहोरच्या वाटेवर लढाई चालू आहे. जयाने ॲटलास उघडला. तुमची रेघ अमृतसरावरून लाहोरला जाते, तिथे तिने बोट ठेवले आणि तसेच ठेवून बसली. वाल्मीक त्याच बाजूला कुठेतरी आहे. कुठे ते त्यांना लिहू देत नाहीत. रस्ता एकच, अलीकडे जावई आणि पलीकडे सासरा. ओटी भरायला मी वाघजाईला गेले, पण तिथे उभी राहिल्यावर कुणासाठी काय मागावे ते सुचेना. आपल्या फौजेच्या गाड्या पुढे जाऊ देत म्हणावे तर पुढे तुम्ही. नुसते नाव घेतले आणि आले.

दूध सोसायटीची वही लिहायला सकाळी मी जाते, तिथे लोक दुधाचे विचारत नाहीत, तुमचे विचारतात. नथूबाबांनी कासंडी खाली ठेवली आणि म्हणाले, "वयनी, जयसिंग लाहुरात गावला तर त्याला त्ये शत्रू धरतील का? का बसवाला म्हणून सोडतील?" बिचाऱ्यांनी खरोखर काळजीने विचारले. मी म्हटले, "बाबा, लिटर किती ते सांगा." आणि मग कुणाचे किती लिहिले ते माझेच मला कळेना, दुसऱ्या दिवशी सगळे खोडून पुन्हा लिहिले.

तुम्ही सरहद्दीच्या कोणत्या बाजूला आहात एवढे तरी कळवा. मोठे पत्र नको.

जयाची आई


नांदे
१७ ऑक्टोबर १९६५

जयाच्या वडिलांस,

सौ. रत्नाचा नमस्कार.

तुमचे पत्र सव्वीस दिवसांनी मिळाले. जयाने आधी पाकिटावरचा शिक्का बघितला, मग मला दिले, मग माझ्या हातातून परत घेतले. तुम्ही झाहेदानलाच आहात, लाहोरला पोचलाच नव्हता, हे वाचून मी देवापुढे साखर ठेवली.

उतारू आले तसे तेहरानकडे परत गेले, तुम्ही एकटे बसमध्येच झोपता, कस्टमच्या आवारात धूळ फार, तिथल्या सरदारजींच्या गुरुद्वाऱ्यात दोन वेळचे जेवण मिळते, हे सगळे कळले. भांडी घासू लागता हे बरे करता. फुकटचे कुणाचे खाऊ नये.

पासपोर्टाचे मात्र दोनदा वाचले तेव्हा समजले. इराणात शिरताना तुमच्या पासपोर्टावर बस चढवून घेतली. आता बस देशाबाहेर पडल्याशिवाय माणूस बाहेर पडू शकत नाही. बस पुढे जाऊ शकत नाही कारण पुढे वाट बंद. म्हणून माणूस बसपाशी.

हे मी जाऊबाईंना वाचून दाखवले. तुळजाबाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी लगीनच लागलं की गं त्येचं बसशी! आन् सवत केवढी, चाळीस माणूस बसतंय तिच्यात." मी हसले. किती दिवसांनी हसले ते आठवत नाही. मग रात्रभर मनात तेच येत राहिले. मला तर कुणी तुमच्या कुठल्या कागदावर चढवलेले नव्हते. निघालात तेव्हा कुणी विचारले नाही की ही इथे असताना हा बाहेर कसा चालला.

असो. लढाई थांबली आहे. वाल्मीकचे कार्ड आले, खुशाल आहे. डाव्या हाताला काही लागले होते, बरे झाले म्हणतो. पण वाट उघडलेली नाही असे रेडिओ सांगतो. तिकडच्या बंदरातून मुंबईला बोट येते म्हणे. तिची चौकशी केलीत का?

दिवाळीत फक्त करंज्या करणार. रव्याच्या, थोड्या.

जयाची आई


नांदे
२१ नोव्हेंबर १९६५

जयाच्या वडिलांस,

सौ. रत्नाचा नमस्कार.

आता नीट लक्ष देऊन वाचा. वाल्मीकला ६ डिसेंबरपासून दहा दिवसांची रजा मिळाली आहे. त्यानंतर कधी मिळेल त्याला सांगता येत नाही. पुढे धनुर्मास लागतो, त्यात मुहूर्त नाही. शुक्रवार १० डिसेंबर, सकाळची वेळ, आपल्या दारात, असे ठरले. रंभाबाई म्हणाल्या, "इहीणबाई, माजं एकुलतं एक बंदुकीसमोरनं परत आलंय. त्येला मी आता थांबवत न्हाई." मी होकार दिला.

थोरल्या भावजींनी पुण्याहून नवे धोतर आणले आहे, पाटावर बसायचे म्हणून. मांडवाला मेढी त्यांनीच आणल्या, आचारी त्यांनीच ठरवला, नाही म्हणायला मला तोंड नाही. पण चावडीवर म्हणाले, "त्यो काय येत न्हाई आता. तितंच कुणी ठिवली असंल. गोऱ्या असत्यात म्हणं तिकडं." हे जयाच्या कानावर आले. ती विहिरीवरून घागर घेऊन येत होती, ती घागर घेऊन सरळ चावडीवर गेली आणि म्हणाली, "थोरले आबा, माझ्या आबांबद्दल बोलायचं असेल तर घरी येऊन बोला. इथं उन्हात कशाला?" आणि घरी येऊन रडली. म्हणते, थोरले आबा पाटावर बसले तर गाव म्हणेल बाप नाही म्हणून चुलत्याने उजवली. मी बिनबापाची नाही.

आणखी एक. वाल्मीकला मी तुमच्या पासपोर्टाचे लिहिले होते. त्याचे उत्तर आले. त्याच्या पलटणीतले एक सुभेदार पूर्वी इराणच्या बाजूला होते. ते म्हणतात, गाडी कस्टमच्या ताब्यात देऊन पावती घेतली की पासपोर्टावरची नोंद खोडून देतात आणि माणूस मोकळा होतो. हे खरे का? खरे असेल तर इतके महिने तिथे राहून तुम्हालाही ते कळले असणार.

कंपनी म्हणत असेल, बस सोडू नका. तिचे बरोबर आहे, बस तिची आहे. मुलगी आपली आहे.

आणि मी जे बोलले होते त्यासाठी येत नसाल तर ते शब्द मी परत घेते. जयाला समोर बसवून लिहिते आहे, तिने वाचले आहे. तुम्ही जाऊ नये एवढेच मला म्हणायचे होते, ते मला नीट म्हणता आले नाही. मॅट्रिकपर्यंत माझे निबंध वर्गात वाचून दाखवत, पण त्या दिवशी एक धड वाक्य जमले नाही.

येत असाल तर तार करा. येत नसाल तरी करा.

जयाची आई


नांदे
१३ डिसेंबर १९६५

जयाच्या वडिलांस,

सौ. रत्नाचा नमस्कार.

जयाचे लग्न शुक्रवारी झाले. आता सगळे लिहिते, काही ठेवत नाही.

तुमची तार लग्नाआधीच्या रविवारी आली. नेमकी सगळ्यांसमोर आली. मांडव घालणे चालू होते, ओट्यावर भटजीबुवा सामानाची यादी सांगत होते, थोरले भावजी शेजारी. पौडचा तारवाला सायकल टेकवून म्हणाला, "झाहेदानची तार!" सगळ्यांनी हातातली कामे टाकली. तार इंग्रजीत. ओट्यावर इंग्रजी येणारी मी एकटी. जया माझ्या मागे दारात उभी होती.

तारेत तुम्ही लिहिले होते, येणे अशक्य, दादांना कन्यादानास बसवा, आशीर्वाद.

मी ती मनात दोनदा वाचली. भावजी म्हणाले, "वाच की मोठ्यानं." मी मोठ्याने वाचली. "येणे अशक्य. कन्यादानास रत्नाने बसावे. आशीर्वाद."

असे मी वाचले. वाघजाईच्या गावात, भटजींच्या समोर, शुद्धीवर राहून वाचले. तोंडातून निघेपर्यंत मी ते वाचणार आहे हे मलाही ठाऊक नव्हते. तुम्ही स्वतःच्या हाताने मुलगी भावाच्या हवाली करत होता आणि त्या कागदावर तुमचा हात कुठेच नव्हता, नुसती टाइपाची अक्षरे. मला वाटले, इतके दूर राहून माणसाला असे एका ओळीत सुटता येऊ नये. आशीर्वाद मात्र होता तसाच वाचला. तिथे काही बदलले नाही.

भावजींनी तारेकडे बघितले. मग म्हणाले, "बायकू बसंल? येकटी? आरं, ही तार हाय का थट्टा हाय?"

भटजीबुवा म्हणाले, "बाई, बायको नसली तर पुरुष सुपारी कमरेला लावून कार्य करतो, ते शास्त्रात बसते. पण नवरा नसला तर बाईने..."

मी म्हटले, "नसला म्हणू नका. आहे. झाहेदानला आहे. कपाळाकडे बघा माझ्या."

ते जरा ओशाळले. पंचांग मिटले, पुन्हा उघडले. "यजमानांची आज्ञा लेखी आहे ना?" मी तार पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून शिक्का बघितला आणि परत दिली. म्हणाले, "मग असे करू. यजमानांच्या पाटावर तांदूळ घालू, त्यावर सुपारी ठेवू, सुपारीत यजमानांचे आवाहन करू. तुम्ही शेजारी बसून तिला हात लावा. मी आजवर केलेले नाही. पण आज्ञा आहे म्हणता, तर करतो."

भावजी उठून उभे राहिले. "म्हंजी माज्या जागंवर सुपारी?" तेव्हा दारातून तुळजाबाई म्हणाल्या, "बरीच की हो. सुपारी मदीच उठून तंबाकू मागत न्हाई, का हुंड्याचं बोलत न्हाई. रत्ने, तू बस गं. मी तुज्या मागं बसते." भावजी पायऱ्या उतरून गेले. चार दिवस आले नाहीत.

शुक्रवारी आले. नवे धोतर नेसून आले, मांडवाच्या कडेला उभे राहिले. पंगतीत मात्र सगळ्यांच्या पुढे होते, हाताने जिलबी वाढली, नथूबाबांना तीन वेळा. जयाने वाकून नमस्कार केला तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पटकन तोंड फिरवले. त्यांच्याशी मी वाईट वागले. त्यांना ते कधी सांगता येणार नाही हे जास्त वाईट.

संकल्पाच्या वेळी भटजींनी तुमचे नाव, गोत्र घेतले आणि थांबले. मला हळूच विचारले, "यजमान कोणत्या गावी म्हणालात?" मी सांगितले. त्यांनी खणखणीत म्हटले, "झाहेदाननगरे स्थितस्य." वाल्मीक मुंडावळ्यांच्या आड हसला. रंभाबाई शेजारणीला म्हणाल्या, "लांबचं क्षेत्र दिसतंय." मी पाणी सोडले. एका हाताने जयाचा हात धरला, दुसरा सुपारीवर. सुपारी गार होती. मध्येच ती तांदळावरून सरकली, तुळजाबाईंनी मागून हात घालून नीट ठेवली.

जाताना जया गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "आई, तारेत ब्रदर होतं." दहावीपर्यंत शिकवल्यावर हे व्हायचेच. मी म्हटले, "होतं." तिने मिठी सोडली नाही. म्हणाली, "बरं केलंस. पण आबांना लिही, मला त्यांचा राग आलाय. आणि लिही की राग आलाय म्हणजे त्यांनी येऊन काढायचाय." तसे लिहिले. मग ती बैलगाडीत चढली.

मी कालचा दिवस निराहार राहून काढला. वाघजाईला सगळे सांगितले.

वाल्मीक उद्या मंगळवारी परत निघतो, तिकडेच, सरहद्दीवर. तो म्हणतो वाट आज ना उद्या उघडेल, एवढा मोठा रस्ता किती दिवस बंद ठेवतील. तो वयाने लहान आहे.

तुम्ही कधी आलात तर थोरले भावजी पहिल्यांदा तारेचेच विचारतील. मी वाचली तशीच होती म्हणून सांगा. माझ्यासाठी नको, भावजींसाठी. तुम्ही त्यांना बसवायला सांगितले होते हे कळले तर त्यांना ते आता सोसणार नाही.

लग्नाला या म्हणून मी पत्रे लिहीत होते. आता लग्न झाले, तेव्हा तुम्हाला बोलवायला माझ्याकडे कारण उरले नाही. जया नेऱ्याला. घरात मी, आणि मांडवाचे खड्डे बुजवायचे आहेत. एवढ्यासाठी बस कस्टमात ठेवून या असे मी कसे म्हणू? पण ती ठेवता येते हे मला ठाऊक आहे. आणि मला ठाऊक आहे हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

कागद संपला, आता डिंकाच्या घडीवर लिहिले तर पत्र बंद करताना चिकटेल.

रत्ना